निळा दिवा म्हणजे मम्मी

मित्रांनो, ज्या वयात एखादं मूल नुकतं नीट पळायला लागतं, त्या वयात मी जुना झालो. मी घरावर लक्ष ठेवणारा एक कॅमेरा आहे. मुठीएवढा, पांढरा, मधोमध एक काळा डोळा. सध्या माझा मुक्काम नवीन पनवेलच्या एका फ्लॅटमध्ये, शोकेसच्या खालच्या खणात, लग्नात आलेल्या आणि कधीच न वापरलेल्या कपबश्यांच्या मागे आहे. माझी वायर काढून टाकली आहे. वायर काढली की कॅमेऱ्याला दिसत नाही, असं माणसांना वाटतं. वाटू दे. शोकेसच्या काचेतून मला अख्खा हॉल दिसतो, आणि जे दिसतं ते बघवत नाही.

माझा जन्म फार लांबच्या एका कारखान्यात झाला. आम्ही सगळी भावंडं खोक्यांत बसून, कंटेनरमधून, समुद्र ओलांडून उरणच्या बाजूला बंदरात उतरलो. माझ्या खोक्यावर एक गोड चित्र होतं. पाळण्यात हसणारं बाळ, आणि कुठेतरी खुर्चीत बसून ते बाळ फोनमध्ये बघणारी त्याची हसणारी आई. त्या चित्रात कोणी दमलेलं नव्हतं. कोणाचे केस विस्कटलेले नव्हते. ते चित्र काढणाऱ्याच्या घरी असलं पोर नसावं, आणि असलंच तर ते दुसरं कोणीतरी सांभाळत असावं.

मला विकत घेतलं भाविकाने. ती पळस्पे फाट्याजवळच्या एका ऑफिसात कामाला होती, अजूनही आहे. बंदरात येणाऱ्या-जाणाऱ्या कंटेनरची कागदपत्रं तयार करायची, हे तिचं काम. मी आलो त्या कंटेनरचे कागदसुद्धा तिच्याच हातून गेले असतील, कोण जाणे. तिचं माहेर चिरनेरचं. हट्टाने शिकली, हट्टाने नोकरी धरली, आणि लग्नानंतर टिकवलीही. मग आभा झाली. बाळंतपणाची रजा संपत आली. तेव्हा आभा रांगत होती आणि दिसेल त्याला हसत होती.

"हरेश, ती मला विसरली तर?" मला खोक्यातून काढता काढता ती नवऱ्याला म्हणाली. "सकाळी ती झोपेत असताना मी जाणार, संध्याकाळी ती पेंगत असताना येणार. पोर ओळख विसरेल माझी."

"काहीही बोलतेस," हरेश म्हणाला. तो एका बिल्डरकडे साइटवर सुपरवायझर आहे. स्वभावाने वाईट नाही, फक्त सगळ्या गोष्टी आपोआप होतात असं त्याला वाटतं. त्याने भिंतीला भोक पाडलं, टीव्हीच्या वरच्या फळीवर, एकवीरेच्या फोटोच्या शेजारी मला नीट बसवलं आणि हात झटकले.

"तुझ्या फोनमध्येही अ‍ॅप टाकून देऊ?" भाविकाने विचारलं.

"कशाला? तू बघशील ना."

मित्रांनो, हे एक वाक्य तुम्ही लक्षात ठेवा. माझ्या सगळ्या आयुष्याचं मूळ त्या वाक्यात आहे.

आता माझं काम कसं चालायचं ते सांगतो. भाविकाने ऑफिसातून फोन उघडला की माझ्या कपाळावर एक निळा दिवा लागायचा. तिला आभा दिसायची, घरातलं ऐकूही जायचं. आणि तिने फोनवर एक खूण बोटाने दाबून धरली की तिचा आवाज माझ्या पोटातून घरात यायचा. बोट सुटलं की आवाज बंद. पहिल्या दिवशी तिचा आवाज आला तेव्हा आभा रांगता रांगता थांबली, तिने मान वर केली आणि टाळ्या वाजवल्या. तिकडे भाविका रडली असणार, कारण तिचा आवाज फुटका आला. मला त्या दिवशी स्वतःचा फार अभिमान वाटला. आज तो आठवला की राग येतो.

आभाला दिवसभर सांभाळायला हरेशची आई, गोदूबाई, गावाहून इथे येऊन राहिली होती. खाडीकाठची बाई. गावातलं मोठं अंगण, शेजारपाजार सोडून तिसऱ्या मजल्यावर नातीसाठी कोंडून घेतलेली. मला बघताच तिचा पारा चढला.

"यो काय डोला बसवला घरान? मी काय चोर हाय?"

"तुमच्यासाठी नाही हो आई. मला आभा दिसावी म्हणून," भाविका म्हणाली.

"तुला ती दिसल. पन मी बी दिसन ना!"

तिचं काही चुकत नव्हतं. निळा दिवा लागला की ती पदर सावरायची, पाय पसरून बसली असेल तर आवरून घ्यायची. स्वतःच्या मुलाच्या घरात पाहुण्यासारखी वागायची. कधी फारच वैताग आला की पापड वाळत घालायचं फडकं माझ्या तोंडावर टाकायची, आणि मग तिकडून भाविकाचा फोन यायचा, "आई, अंधार का झालाय?" दोघींचा त्यात काय दोष होता, मला अजून कळलेलं नाही. पण एकमेकींवर रुसायला दोघींना मीच सापडलो.

गोदूबाईला आणखी एक धास्ती होती. आईचीच नजर पोराला सगळ्यात आधी लागते, असं तिच्याकडे मानतात. आईने आपल्या पोराकडे फार कौतुकाने, फार वेळ बघू नये. "पोरीला ज्यास्ती बगत नको बसू," ती सुनेला बजावायची. "आयची नजर लवकर लागते. आन तू तं दिसभर बगतेस, या कालतोंड्याच्या डोल्यातून." मग दिवेलागणीला मुठीत मीठ आणि लाल मिरच्या घेऊन ती आभावरून ओवाळायची आणि गॅसवर टाकायची. घरभर खकाणा उडायचा. भाविका खोकत हसायची. तेव्हा ती हसत होती.

आभा चालायला लागली, बोलायला लागली. आजीने तिला एकवीरेला जय करायला शिकवलं. मी फोटोच्या शेजारीच असल्यामुळे ती मलाही जय करायची. निळा दिवा लागला की हातातलं टाकून धावत यायची आणि दोन्ही हात वर करून म्हणायची, "मम्मी, घे!"

"ये माझ्या सोन्या, ये. पापी दे," माझ्या पोटातून भाविका म्हणायची. आभा खालूनच ओठांचा चंबू करायची. रोज असंच. घ्यायला कुठून घेणार? पण आईच्या तोंडून दुसरं काय निघणार होतं?

भाविका चोरून फोन बघायची. जेवणाच्या सुट्टीत, बाथरूममध्ये, टेबलाच्या खणात फोन ठेवून. एकदा दुपारी तिने बोट दाबून विचारलं, "आभा, भात खाल्लास का गं?" आणि तेवढ्यात तिचे साहेब तिथे आले असावेत. तिने घाईघाईत फोन मांडीवर पालथा घातला, पण बोट सुटलं नाही. आणि मग आमच्या हॉलमध्ये एका परक्या पुरुषाचा आवाज घुमला.

"मॅडम, परत फोन? पोर सांभाळायचं असेल तर घरी बसा ना. तिकडे गेटवर गाड्या अडकल्यात आणि इकडे तुमचा पिक्चर चाललाय."

कोणीतरी मागे फिसकन हसलं.

"सॉरी सर. झालंच सर," भाविका म्हणाली. इतका बारीक आवाज तिचा मी कधी ऐकला नव्हता.

गोदूबाई मऊ भाताचा चमचा हातात घेऊन तशीच उभी राहिली. बिल्डिंगमधल्या बायकांना ती सांगायची की आमची सून साहेबीण आहे, गार हवेत बसून कागदावर सह्या करते. आभाला मात्र नवा शब्द सापडला होता. ती माझ्याकडे बघून दिवसभर म्हणत राहिली, "सॉली सल. सॉली सल."

त्या संध्याकाळी भाविकाच्या ताटात खाडीतल्या निवट्या माशांचं कालवण पडलं. हे तिचं फार आवडीचं. "खा. गरम हाय," एवढंच गोदूबाई म्हणाली. ऐकलेलं तिने सुनेला कधीच सांगितलं नाही. भाविकाला वाटलं, आज म्हातारीचा मूड बरा आहे.

मार्चमध्ये महिला दिनाला त्याच साहेबांनी ऑफिसातल्या बायकांना एकेक गुलाब दिला आणि तारेवरच्या कसरतीवर भाषण केलं. हरेशने फोनवर स्टेटस ठेवलं, 'माझी सुपरवुमन'. गुलाब पिशवीत चेंबटून घरी आला. सुपरवुमनने तो ओट्यावर ठेवला आणि कणीक मळायला घेतली.

मित्रांनो, माझं आयुष्य खरं फिरलं ते एका साध्या संध्याकाळी, आणि तेही कोणाच्या लक्षात न येता. भाविका घरी आली होती. हात-पाय धुऊन जमिनीवर बसली होती आणि आभा तिच्या मांडीत होती. समोर चित्रांचं पुस्तक होतं. आभाला कावळा सापडला. ती आईच्या मांडीतून उठली, पुस्तक दोन्ही हातांनी डोक्याच्या वर धरलं आणि मला दाखवत ओरडली, "मम्मी, काऊ!"

"अगं, मी इथे आहे," भाविका मागून म्हणाली. "इकडे बघ. मम्मी इकडे."

आभाने वळून बघितलं, परत माझ्याकडे बघितलं. भाविकाने तिची हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवलं, तशी ती हात झटकून रडायला लागली. "येडी हाय ती," गोदूबाई हसली. भाविकाही हसली. मग भांडी घासते म्हणून आत गेली आणि नळ सोडून रडली. ज्या भीतीपोटी मला घरात आणलं होतं, ती भीती माझ्यामुळेच खरी होत होती. पोर तिला विसरली नव्हती. पोरीच्या लेखी मम्मी म्हणजे निळा दिवा आणि आवाज, आणि संध्याकाळी येणारी ही दमलेली बाई म्हणजे मम्मीचं कोणीतरी.

तेव्हाच मला काढायला हवं होतं. पण भाविकाने उलटंच केलं. ती आणखी जास्त बघायला लागली, आणखी जास्त बोलायला लागली. दुसरा काय मार्ग होता तिच्याकडे? एवढंच तर तिच्या हातात होतं.

मग तो मंगळवार आला. मंगळवारी गोदूबाई स्टुलावर चढून एकवीरेच्या फोटोला ताजा हार घालायची. त्या दिवशी हार घालून झाला आणि कोळीण दारात आली. गोदूबाई बोंबील घेऊन आत साफ करायला बसली. स्टूल टीव्हीच्या टेबलाला लागून तसंच राहिलं.

ऑफिसात सकाळपासून धावपळ असावी, कारण दुपार झाली तरी माझा दिवा लागला नव्हता. आभा दोनदा येऊन बघून गेली. शेवटी दिवा लागला. भाविकाने रोजचंच विचारलं, "आभा, माझं सोनं, काय करतेस?"

आभा धावत आली. "मम्मी, घे!"

"ये, ये. पापी दे."

आज स्टूल होतं. आभा स्टुलावर चढली. तिथून टीव्हीच्या टेबलावर गुडघा टेकला. तिचा चेहरा माझ्याकडे वर येताना मला दिसत होता, आणि मला जे दिसत होतं ते भाविकालाही दिसत होतं.

"आभा! नको! खाली उतर! आभा!"

मित्रांनो, आवाज मोठा झाला. आवाज मोठा झाला म्हणजे मम्मी जवळ आली, एवढंच त्या पोरीला कळलं. ती खुदकन हसली आणि भराभर वर चढली. टेबलावर उभी राहिली, टाचा उंचावल्या आणि माझ्याकडे हात केला. तिकडे भाविका किंचाळत होती आणि इकडे ती किंकाळी पोरीला वर बोलवत होती. भाविका गप्प बसली असती तर कदाचित आभा थांबली असती. पण कोणती आई गप्प बसेल?

आभाचा पाय टीव्हीच्या वायरीत अडकला. पडताना तिची हनुवटी टीपॉयच्या कडेवर आपटली.

गोदूबाई बोंबलाच्या हातांनी धावत आली. भाविकाचं बोट अजून तसंच दाबलेलं होतं. हॉलमध्ये आभाचं रडणं, आजीचं "आये माजे! आये माजे!" आणि माझ्या पोटातून भाविकाचा आवाज, "आई, तिला उचला! रक्त आलंय का? आई, सांगा ना, रक्त आलंय का?" मागून ऑफिसातली माणसं विचारत होती, मॅडम, काय झालं. फरशीवरचं रक्त मला दिसत होतं. तिलाही दिसत होतं, तरी ती विचारत होती.

शेजारणीला घेऊन गोदूबाई रिक्षाने दवाखान्यात गेली. भाविका पळस्प्याहून ट्रकांच्या रांगेतून वाट काढत पोचली तेव्हा टाके पडून गेले होते आणि आभा आजीच्या खांद्यावर झोपली होती. आईने तिला घ्यायला हात पुढे केले, तर ती झोपेतच आजीला बिलगली. हे मला गोदूबाई आणि शेजारण घरी येऊन बोलत होत्या तेव्हा कळलं.

हरेश आला. पोरीच्या हनुवटीवरची पट्टी बघून त्याचा चेहरा उतरला. त्याला खरंच वाईट वाटलं होतं. पण वाईट वाटलं की काही माणसं आधी दुसऱ्याला धारेवर धरतात.

"दिवसभर बघत असतेस ना त्यात? मग बघत काय होतीस?"

"बघतच होते मी," भाविका म्हणाली. "बघतच होते रे, हरेश."

"मग उपयोग काय त्याचा?"

डोळ्यांत तेल घालून बघणारी घरात ती एकटीच होती, म्हणून चुकायचा मानही तिचाच. ज्याने कधी बघितलंच नाही, त्याचं काय चुकणार? मला तोंड असतं तर मी त्याला ऐकवलं असतं.

आणि मग गोदूबाई बोलली. तिच्या पदराला नातीचं रक्त लागलं होतं. "मी सांगत व्हती. आयची नजर वंगाल. दिसभर बगत रायलीस, बगत रायलीस. लागली तुजीच नजर पोरीला." मुठीत मीठ-मिरच्या घेऊन तिने आभाला ओवाळायला घेतलं आणि सुनेला म्हणाली, "तू म्होरं नको थांबू. आत जा."

भाविका आत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती स्टुलावर चढली, माझी वायर ओढून काढली आणि मला शोकेसमध्ये टाकलं. तिने मला आपटलं असतं तर मला बरं वाटलं असतं. तिने फक्त टाकलं.

काही दिवस तिने रजा घेतली. त्या दिवसांत मी काचेतून एक गोष्ट बघितली. ती आभाकडे बघायची नाही. भरवताना घासाकडे बघायची, वेणी घालताना केसांकडे. पोरगी समोरून हसत आली की हिची नजर चटकन खाली जायची. शिकलेली बाई ती, असल्या गोष्टींना खोकत हसणारी. पण तो टोमणा आत कुठेतरी रुतून बसला होता. आणि आभा फळीवरच्या रिकाम्या जागेकडे बघायची. तिथे आता एकवीरेचा फोटो आणि भिंतीला एक भोक, एवढंच उरलं आहे.

रजा संपली. भाविका परत कामाला जायला लागली. काल ती लवकर आली. तिने आभाला समोर बसवलं, हिंमत करून तिच्या डोळ्यांत बघितलं आणि म्हणाली, "आभा, काय करतेस?"

आभाने मान वर करून फळीकडे बघितलं. तिथे काही नव्हतं. ती बाहुलीशी खेळायला लागली.

मग भाविका उठून स्वयंपाकघरात गेली आणि दाराआड उभी राहिली. मला ती काचेतून तिरकी दिसत होती. तिथून, आभाला दिसणार नाही अशी उभी राहून, तिने हाक मारली, "आभा, माझं सोनं, काय करतेस?"

आभाचा चेहरा असा खुलला की काय सांगू! "मम्मी! बावलीला न्हाऊ घातलं!" फळीकडे बघत ती भराभर बोलत सुटली. बाहुली रडली, आजीने लाडू दिला, काऊ आला होता. भाविका दाराआडून उत्तरं देत होती. प्रत्येक उत्तरानंतर तोंडावर हात दाबून धरत होती, हुंदका बाहेर जाऊ नये म्हणून.

गोदूबाई मुठीत मीठ-मिरच्या घेऊन आभाकडे निघाली होती. तिने ते बघितलं आणि जागच्या जागी थांबली. मग नातीला ओवाळण्याऐवजी ती आत गेली आणि तिने ती मूठ सुनेवरून ओवाळली.

"बाय, मी बोलली ते इसर," ती हळू म्हणाली. "तुजी नजर नाय लागली गो. तुलाच लागली कोनाची."

भाविकाने काहीतरी बोलायला तोंड उघडलं. पण बाहेरून आभा ओरडली, "मम्मी, बोल ना!"

"बोलतेय, सोन्या," भाविका दाराआडून म्हणाली.

तेवढ्यात हरेश घरी आला. दोघींचा आवाज ऐकून, बूट काढता काढता म्हणाला, "वा! आज मायलेकी खूश आहेत!"

मित्रांनो, आत्मकथा सांगणारी माझ्या जातीची मंडळी शेवटी काहीतरी मागतात. मला पुसा, मला जपा, मला फेकू नका. मला तसलं काही नको. मला इथेच कपबश्यांमागे धूळ खाऊ द्या. तुमच्या घरी मात्र संध्याकाळी दार उघडतं आणि कोणीतरी दमून आत येतं, तेव्हा हातातलं खाली ठेवा आणि तिच्या तोंडाकडे बघा. आणि तुमच्या वडिलांना सांगा, 'तू बघशील ना' म्हणू नका, तुम्हीही बघा.

हे मी आधी आभाला सांगितलं असतं. तीच तर माझं सगळं ऐकायची. पण माझ्या पोटातून जो आवाज यायचा तो तिच्या आईचा होता, माझा कधीच नव्हता.